कालविलंबयुक्त प्रणालींचे अनुकूली नियंत्रण

१. प्रश्नाचे स्वरूप

अनुकूली नियंत्रणावरील पुष्कळशा विवेचनांत कालविलंब ज्ञात आहे असे आरंभीच मानून चालतात. प्रणालीचे इतर सर्व प्राचल अज्ञात धरायचे, ते प्रत्यक्ष अनुभवातून हळूहळू शोधून काढण्याची रीती सांगायची, आणि विलंब मात्र कोणी तरी मोजून दिला आहे असे समजायचे, असा हा प्रघात आहे. हे गृहीतक दिसते तितके निरुपद्रवी नाही. ते काढून घेतले असता काय होते, आणि मुळात ते का करावे लागते, ह्याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. गणित शक्य तितके साधे ठेवले आहे. पदवी परीक्षेत शिकविले जाणारे अवकल समीकरणांचे ज्ञान वाचकास पुरेल.

प्रथम दोन संज्ञा स्पष्ट करू. नियंत्रकाने आज्ञा दिल्यापासून तिचा पहिला परिणाम मापकावर दिसेपर्यंत जो काल जातो तो कालविलंब होय. सामान्य मंदतेहून ही गोष्ट निराळी आहे. चुलीवर पाण्याचे भांडे ठेवले तर पाणी सावकाश तापते, परंतु तापण्यास लगेच आरंभ होतो; ही मंदता. उलट, दूरच्या टाकीतून नळाने येणारे गरम पाणी नळ फिरविल्यावर काही वेळ मुळीच येत नाही, आणि मग एकाएकी येते; हा विलंब. मंद प्रणालीत मापकाची सुई थोडी हलते आणि तिच्या हालचालीवरून पुढचे अनुमान करता येते. विलंबयुक्त प्रणालीत त्या अवधीपुरती सुई पूर्णपणे मौन असते. ह्या मौनाचा अर्थ आज्ञा पोहोचली नाही असा घेऊन माणूस नळ आणखी फिरवितो, आणि पुढे हात पोळून घेतो. यांत्रिक नियंत्रकाचे वर्तनही ह्याहून वेगळे नसते.

विलंबाचे उगम अनेक आहेत. पदार्थ नळीतून किंवा पट्ट्यावरून वाहत जात असेल तर विलंब म्हणजे अंतर भागिले वेग. रासायनिक पृथक्करणाला लागणारा वेळ, संगणकाचा गणनकाल, संदेशवहनाचा काल हे इतर उगम होत. पृथ्वीवरून चंद्राकडे गेलेला रेडिओसंदेश परत येण्यास सुमारे २.६ सेकंद लागतात, आणि हा विलंब कोणत्याही कारागिरीने कमी होण्याजोगा नाही.

दुसरी संज्ञा अनुकूली नियंत्रण. आपले स्थिरांक अनुभवावरून स्वतःच बदलीत जाणारा नियंत्रक म्हणजे अनुकूली नियंत्रक. ह्या कल्पनेस १९५०-६० च्या दशकात विमानांच्या स्वयंचालनातून जोर मिळाला, कारण उंची आणि वेग बदलला की विमानाचे गुणधर्म इतके बदलत की एकच ठरीव नियंत्रक पुरा पडत नसे. अमेरिकेतील मॅसॅच्यूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे व्हिटेकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५८ मध्ये मांडलेला, ‘एमआयटी नियम’ ह्या नावाने ओळखला जाणारा नियम ह्याच काळातला आहे.

ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होते? ह्या लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, विलंब हा इतर प्राचलांच्या यादीत शेवटी लिहावयाचा आणखी एक प्राचल नव्हे. तीन बाबतींत तो निराळा आहे. त्याच्या अंदाजातील चुकीची किंमत नियंत्रणाच्या वेगाबरोबर वाढते. तो शिकण्याच्या क्रियेलाच मर्यादा घालतो. आणि त्याच्याविषयीचा पुरावा मिळविणे इतर प्राचलांच्या मानाने अधिक कठीण असते. ह्या तिन्ही गोष्टींचा क्रमाने विचार करू.

२. एक साधे समीकरण

विलंबाचा स्वभाव समजण्यास पुढील समीकरण पुरेसे आहे:

क्ष′(क) = − ग · क्ष(क − ल)

येथे क हा काल, क्ष हे इष्ट स्थितीपासूनचे अंतर, ग हा लाभांक आणि ल हा विलंब आहे. नियंत्रक अंतर पाहून ते कमी करण्याचा यत्न करतो, परंतु त्याला दिसणारे अंतर ल इतक्या काळापूर्वीचे असते. विलंब नसता तर ग कितीही मोठा घेऊन अंतर हवे तितक्या त्वरेने नाहीसे करता आले असते. विलंबाऐवजी केवळ एकपदी मंदता असती तरीही स्थैर्य कधी ढळले नसते. कारण मग लाक्षणिक समीकरण द्विघाती होते आणि त्याचे सर्व सहगुणक धन असतात.

विलंब आला की चित्र पालटते. उत्तर घातांकी रूपाचे मानले असता घातांक म, म = − ग · इ^(−मल) हे समीकरण पाळतो; येथे इ = २.७१८… हा नैसर्गिक लॉगरिथमचा पाया आहे. हे समीकरण बहुपदी नाही. त्याला अनंत मुळे आहेत. ह्याचा अर्थ असा की, प्रणालीची आजची स्थिती सांगण्यास एक संख्या पुरत नाही. मागील ल इतक्या अवधीतील क्ष चा संपूर्ण आलेख सांगावा लागतो.

स्थैर्याची सीमा शोधण्यास घातांक शुद्ध असत् मानू. मग दोन्ही बाजूंची परिमाणे समान असावयाची तर आंदोलनाची कोनीय कंप्रता ग इतकी येते, आणि कला जुळावयाची तर ग × ल हा गुणाकार काटकोनाइतका, म्हणजे पाय ÷ २ = १.५७ इतका असावा लागतो. म्हणून

ग × ल १.५७ पेक्षा कमी असेल तर स्थैर्य, अधिक असेल तर वाढते आंदोलन.

सीमेवरील आंदोलनाचा आवर्तकाल विलंबाच्या बरोबर चौपट असतो. अशा मंडलात चौपट विलंबाच्या आसपास आवर्तकाल असलेले आंदोलन दिसू लागले तर संशयित कोण हे सांगण्यास वेळ लागू नये. आंदोलन मुळीच नको असेल तर अट अधिक कडक आहे: ग × ल हा १ ÷ इ, म्हणजे ०.३६८ पेक्षा अधिक नसावा. १९३६ मध्ये कॅलेंडर, हार्ट्री आणि पोर्टर ह्यांनी नियंत्रण-प्रणालीतील कालविलंबाचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यापासून ह्या प्रकारच्या विवेचनाची परंपरा चालत आली आहे.

ह्या दोन संख्या, १.५७ आणि ०.३६८, वाचकाने ध्यानात ठेवाव्यात. पुढे त्या अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटणार आहेत.

३. पूर्वानुमान आणि चुकीची किंमत

विलंबावर पहिला मोठा उपाय कॅलिफोर्निया विद्यापीठातील ओटो स्मिथ ह्यांनी १९५७ मध्ये सुचविला. नियंत्रकाजवळ प्रणालीचे एक प्रतिमान ठेवावयाचे. त्या प्रतिमानाचा विलंबरहित भाग ‘आत्ता दिलेल्या आज्ञेचा परिणाम पुढे काय होईल’ हे लगेच सांगतो. नियंत्रकाने त्यावरून वागावे. प्रतिमानाचा विलंबयुक्त भाग ‘मापकावर आत्ता काय दिसावयास हवे’ हे सांगतो. प्रत्यक्ष मापन आणि हे अपेक्षित मापन ह्यांतील फरक तेवढा पुनःप्रदायासाठी वापरावा. प्रतिमान अचूक असेल तर विलंब मंडलाच्या बाहेर पडतो: प्रणाली जणू विलंबरहित असल्याप्रमाणे नियंत्रित होते आणि उत्तर फक्त ल इतके उशिरा दिसते. स्मिथच्या काळी उपलब्ध असलेल्या अनुरूप उपकरणांनी विलंबाची नक्कल करणे अवघड होते. अंकीय संगणक आल्यावर ही अडचण उरली नाही. मूळची अस्थिर असलेली प्रणाली मात्र ह्या रचनेने सावरत नाही. तिच्यासाठी पूर्वानुमानाची रचना बदलावी लागते.

आता प्रतिमान अचूक नसेल तर? येथे एक छोटी गणना उद्बोधक आहे. विलंबरहित भागाचे बंद मंडल एकपदी मंद असून त्याचा कालांक न आहे असे समजा. न जितका लहान तितके नियंत्रण वेगवान.

प्रथम विलंब बरोबर, परंतु लाभांकाच्या अंदाजात काही टक्के चूक आहे असे धरू. बंद मंडलाचे परिमाण कोणत्याही कंप्रतेला १ पेक्षा अधिक नसल्यामुळे, चूक शंभर टक्क्यांहून कमी असेल तर स्थैर्य टिकते. न लहान असो वा मोठा, ह्या अटीत फरक पडत नाही.

आता लाभांक बरोबर, परंतु विलंबाच्या अंदाजात फ इतक्या सेकंदांची चूक आहे असे धरू. दोन विलंबित संदेशांमधील फरकाचे परिमाण कंप्रता गुणिले फ ह्याहून अधिक नसते; बंद मंडलाचे परिमाण कंप्रतेबरोबर घटत जाते. दोहोंचा गुणाकार १ पेक्षा कमी राहण्यास फ हा न पेक्षा कमी असणे पुरेसे आहे. ही अट पुरेशी आहे, आवश्यक नव्हे. तथापि तिचा कल स्पष्ट आहे. विलंब १० सेकंद असून कालांक २ सेकंदांचा हवा असेल तर विलंबाच्या अंदाजात २ सेकंदांची, म्हणजे वीस टक्क्यांची चूक चालते. कालांक अर्धा सेकंद हवा असेल तर चुकीची मुभा अर्ध्या सेकंदावर, म्हणजे पाच टक्क्यांवर येते.

हा पहिला भेद. लाभांकातील चुकीची सहनशीलता वेगावर अवलंबून नाही. विलंबातील चुकीची सहनशीलता वेगाबरोबर आक्रसत जाते. पूर्वानुमानाने जो वेग मिळवावयाचा त्याची तारण म्हणून विलंबाचे ज्ञान ठेवावे लागते.

४. शिकण्याच्या क्रियेतील विलंब

विलंब अचूक ठाऊक आहे, परंतु लाभांक अज्ञात आहे, अशी आता कल्पना करू. अनुकूली नियंत्रणाचा हा सर्वांत सोपा प्रश्न. प्रणालीचे उत्तर म्हणजे ल काळापूर्वीच्या आज्ञेची प पट. प अज्ञात परंतु धन. इष्ट संदेश र स्थिर आहे. आज्ञा म्हणजे थ × र, आणि थ हा नियंत्रकाने शिकावयाचा गुणक. उत्तर र इतकेच व्हावे अशी इच्छा असेल तर थ चे योग्य मूल्य १ ÷ प. एमआयटी नियमाप्रमाणे थ च्या बदलाचा वेग हा त्रुटी आणि संदेश ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात, उलट चिन्हाने घ्यावयाचा; प्रमाणांक श हा शिकण्याचा वेग ठरवितो.

परंतु आज दिसणारी त्रुटी आजच्या थ ची नाही. ल काळापूर्वीच्या थ ची आहे. थ आणि त्याचे योग्य मूल्य ह्यांतील अंतर च मानले तर हिशोब असा होतो:

च′(क) = − श · प · र² · च(क − ल)

हे दुसऱ्या विभागातील समीकरणच आहे. तेथे प्रणालीची स्थिती होती, येथे नियंत्रकाचे अज्ञान आहे. वर्तन मात्र तेच. म्हणून श × प × र² × ल हा गुणाकार १.५७ हून कमी असेल तरच अज्ञान घटेल.

एक उदाहरण घेऊ. ल = १० सेकंद, प = २, श = ०.०५. संदेश र = ०.५ असेल तर गुणाकार ०.२५ येतो, तो ०.३६८ हून कमी असल्यामुळे नियंत्रक हेलकावे न खाता शिकतो. र = १ असेल तर गुणाकार १ येतो; नियंत्रक हेलकावे खात, पण अखेरीस शिकतो. र = १.५ केला की गुणाकार २.२५ होतो, आणि थ ची आंदोलने वाढतच जातात. नियंत्रक तोच, प्रणाली तीच, शिकण्याचा स्थिरांकही तोच. केवळ काम थोडे मोठे दिले. प्रयोगशाळेत लहान संदेशांवर महिनोन्महिने सुरळीत चाललेली योजना कारखान्यात पहिल्याच मोठ्या मागणीला कशी बिघडते, ह्याचा एक उलगडा येथे आहे.

ह्यावर दोन उपाय आहेत. पहिला, शिकण्याचा वेग संदेशाच्या वर्गाने भागून घेणे, म्हणजे श ऐवजी श ÷ (१ + र²) वापरणे. मग संदेश कितीही मोठा झाला तरी गुणाकार श × प × ल ह्याच्या पलीकडे जात नाही. ह्यास प्रमाणीकरण म्हणतात. दुसरा उपाय अधिक मार्मिक आहे. नियंत्रकाने आपल्या थ ची नोंदवही ठेवावी. आजची त्रुटी कोणत्या थ मुळे उद्भवली हे तिच्यात पाहावे. आणि थ मध्ये तेव्हापासून झालेल्या बदलाचा अपेक्षित परिणाम त्रुटीत मिळवून मगच शिकावे. मोनोपोली ह्यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या ‘संवर्धित त्रुटी’च्या पद्धतीचा हा गाभा आहे, आणि त्याचे स्मिथच्या पूर्वानुमानाशी असलेले नाते उघड आहे. ह्या दुरुस्तीसाठी प चा अंदाज लागतो. परंतु तो खऱ्या मूल्याच्या निम्म्याहून अधिक असला म्हणजे पुरते, मग श आणि ल कितीही असोत. मात्र नोंदवहीत किती मागे पाहावयाचे हे कळण्यासाठी ल ठाऊक असावाच लागतो. अज्ञात लाभांक शिकण्याचा मार्गही असा विलंबाच्या दारावरूनच जातो.

हा प्रश्न केवळ कागदावरचा नाही. १५ नोव्हेंबर १९६७ रोजी अमेरिकेच्या एक्स-१५ ह्या संशोधन-विमानाच्या अपघातात वैमानिक मायकेल ॲडम्स मृत्युमुखी पडले. त्या विमानात अनुकूली नियंत्रक होता. अपघाताची कारणे अनेक होती. परंतु अखेरच्या टप्प्यात आंदोलन चालू असता नियंत्रकाने आपला लाभांक पुरेसा उतरविला नाही, ही गोष्ट त्यांपैकी एक होती. नियंत्रण-पृष्ठे हलविणारी यंत्रणा आपल्या वेगमर्यादेला पोहोचली की तिचे उत्तर मागे पडू लागते, आणि मागे पडणे हे परिणामाने विलंबासारखेच असते. पुढे रोअर्स, वालावानी, अथान्स आणि स्टाइन ह्यांनी १९८५ च्या आपल्या निबंधात दाखविले की, प्रतिमानात न धरलेली अल्पशी मंदतादेखील तत्कालीन अनुकूली नियमांना अस्थिर करू शकते. त्यानंतर ह्या शास्त्रात स्थैर्याच्या सिद्धतेबरोबरच सहनशीलतेचा हिशोब मागण्याची शिस्त आली.

५. विलंब स्वतःच अज्ञात असता

आता ल च अज्ञात आहे असे मानू. लाभांकाप्रमाणे तोही त्रुटीवरून शिकावा, असे सुचणे स्वाभाविक आहे. अडचण ही की उत्तरात लाभांक एकघाती रूपाने येतो, विलंब तसा येत नाही. तो फलनाच्या पोटात बसलेला असतो.

प्रणालीला ज्या-वक्राच्या रूपाचा संदेश दिला असे समजा. विलंबाचा अंदाज आणि खरा विलंब ह्यांतील अंतर फ असेल तर त्रुटीच्या वर्गाची सरासरी १ वजा कोज्या (कंप्रता × फ) इतकी येते. ह्या वक्राला एक दरी नसून अनंत दऱ्या आहेत, आणि दोन दऱ्यांमधील अंतर संदेशाच्या एका आवर्तकालाइतके आहे. उतारावरून खाली जाणारा कोणताही नियम ज्या दरीच्या उतारावर आरंभी असेल तिच्यातच उतरतो. खऱ्या दरीत उतरावयाचे तर आरंभीची चूक अर्ध्या आवर्तकालाहून कमी असली पाहिजे. संदेशाचा आवर्तकाल ६० सेकंद असेल तर ३० सेकंदांपर्यंतची चूक सुधारते. ६ सेकंद असेल तर फक्त ३ सेकंदांपर्यंतची. मग मंद संदेशच का वापरू नयेत? कारण मंद संदेशाची दरी रुंद असली तरी उथळ असते. तळाची वक्रता कंप्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे दहापट मंद संदेशाची दरी शंभरपट उथळ होते, आणि मापनातील थोड्याशा गोंगाटात तिचा तळ हरवून जातो. म्हणून प्रथम मंद संदेशाने ढोबळ अंदाज, नंतर वेगवान संदेशाने सूक्ष्म अंदाज, असा क्रम घ्यावा लागतो.

ह्याहूनही मूलभूत अडचण निराळी आहे. संदेश स्थिर असेल तर विलंब मुळीच दिसत नाही. कालचे आणि आजचे पाणी सारखेच गरम असेल तर ते केव्हा निघाले हे कोण सांगणार? विलंब फक्त बदलातून प्रकट होतो. परंतु चांगल्या नियंत्रकाचे कामच बदल दाबून टाकण्याचे असते. तो जितका यशस्वी होईल तितका विलंबाविषयीचा पुरावा क्षीण होईल. नियंत्रण आणि जिज्ञासा ह्यांतील हा विरोध रशियन शास्त्रज्ञ फेल्डबाउम ह्यांनी १९६० च्या सुमारास ‘द्वैती नियंत्रणा’च्या उपपत्तीत स्पष्टपणे मांडला होता. विलंबाच्या बाबतीत तो विशेष तीव्र होतो.

ह्या अडचणींतून निरनिराळ्या मार्गांनी वाट काढण्यात आली. ऑक्सफर्ड येथील क्लार्क, मोहतादी आणि टफ्स ह्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापक पूर्वानुमानी नियंत्रणात एका क्षणाऐवजी भविष्यातील संपूर्ण कालखंडाकडे पाहिले जाते. त्यामुळे विलंब नेमका किती हे सांगावे लागत नाही, तो त्या कालखंडात मावला म्हणजे पुरे. दुसरा मार्ग मिरोस्लाव क्रस्तिच ह्यांच्या २००९ च्या ग्रंथात विस्ताराने आला आहे. विलंबाला एक काल्पनिक नळी मानावयाचे. तीतून आज्ञा एका ठरावीक वेगाने वाहत जाते. ह्या वहनाचे आंशिक अवकल समीकरण लिहिले म्हणजे विलंब हा त्यातील वेगाच्या सहगुणकात उतरतो, आणि सहगुणकांचा अंदाज घेण्याची लियापुनोव्ह-पद्धती तेथे लावता येते. डेल्फीन ब्रेश-पिएत्री आणि क्रस्तिच ह्यांच्या निष्कर्षांतील एक भेद येथे बोलका आहे. त्या नळीतील अवस्था मोजता येत असेल तर स्थैर्य सर्व आरंभस्थितींसाठी सिद्ध होते. मोजता येत नसेल तर ते आरंभीची चूक लहान असतानाच सिद्ध होते. दऱ्यांच्या चित्राशी हे सुसंगतच आहे.

६. गाठता येण्याजोगी सीमा

विलंबयुक्त प्रणालीत नियंत्रणाची परिपूर्णता किती अपेक्षावी, हा प्रश्न व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. त्याचे समाधानकारक उत्तर कागदनिर्मितीतून मिळाले. कागदयंत्रात लगद्याचे प्रमाण आरंभी बदलले जाते आणि कागदाचे वजन वाळवणीच्या रुळांनंतर, अगदी शेवटी मोजले जाते; मधला सारा प्रवास विलंबाचा. स्वीडनमधील बिलेरूड कंपनीच्या कागदयंत्रावर आयबीएम संस्थेने १९६० नंतरच्या वर्षांत संगणकीय नियंत्रणाचा जो प्रयोग केला, त्यावर कार्ल यूहान ओस्ट्रोम ह्यांचा १९६७ चा निबंध आधारलेला आहे.

त्यातील मध्यवर्ती कल्पना साध्या उदाहरणाने कळते. कागदाचे वजन आपोआप यदृच्छया भरकटत असते, आणि प्रत्येक नमुन्यागणिक त्या भरकटण्यात एक नवा, स्वतंत्र धक्का मिळतो असे माना. विलंब ड नमुन्यांइतका असेल तर आजची आज्ञा ड नमुन्यांनंतर फळेल. मधल्या ड धक्क्यांविषयी कोणताही नियंत्रक काहीही करू शकत नाही. म्हणून वजनाचे प्रचरण एका धक्क्याच्या प्रचरणाच्या ड पटीहून कमी होणे अशक्य आहे. विलंब दुप्पट झाला की ही सीमाही दुप्पट होते.

ओस्ट्रोम आणि विटेनमार्क ह्यांनी १९७३ मध्ये मांडलेला स्वयंसमायोजी नियंत्रक ह्या सीमेपर्यंत आपण होऊन पोहोचू पाहतो. तो तेथे पोहोचला की नाही हे तपासण्याची कसोटीही सुटसुटीत आहे: उत्तराचा स्वतःशी असलेला सहसंबंध ड किंवा त्याहून अधिक नमुन्यांच्या अंतरावर शून्य झाला पाहिजे. प्रणालीचे प्रतिमान ठाऊक नसले तरी ही कसोटी लावता येते. विलंब मात्र ठाऊक असावा लागतो. १९८९ मध्ये हॅरिस ह्यांनी हाच विचार पुढे नेऊन चालू नियंत्रकाची प्रत ठरविण्याचा निर्देशांक सुचविला. ह्या नियंत्रकात विलंब खऱ्याहून कमी धरला तर ज्या सहगुणकाने भागावयाचे तो वस्तुतः शून्य असतो, आणि आज्ञा बेसुमार वाढतात. थोडा अधिक धरला तर नियंत्रण तुलनेने शिथिल, पण सुरक्षित राहते.

७. बदलता विलंब: पेट्रोल एंजिनाचे उदाहरण

आतापर्यंत विलंब अज्ञात असला तरी स्थिर मानला होता. तो कामाबरोबर बदलत असेल तर काय करावे, ह्याचे चांगले उदाहरण पेट्रोल एंजिनात मिळते. निष्कासातील विषारी वायू तिहेरी कार्याच्या उत्प्रेरकाने नष्ट व्हावयाचे तर हवा आणि पेट्रोल ह्यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ च्या अगदी निकट राहिले पाहिजे. पेट्रोल आत सोडले जाते सिलिंडरापाशी. ऑक्सिजनचा मापक असतो निष्कास-नळीत. मधे एंजिनाचे किमान एक चक्र जाते. चारधावी एंजिनात एका चक्राला दोन फेरे लागतात. मिनिटाला ९०० फेरे असताना चक्राचा काल ०.१३३ सेकंद, तर ६,००० फेरे असताना ०.०२ सेकंद. म्हणजे गाडी उभी असताना आणि भरधाव असताना विलंबात सहापटीहून अधिक फरक पडतो.

मंद गतीसाठी ठरविलेले पूर्वानुमान वेगवान गतीत तसेच वापरले तर विलंबातील चूक सुमारे ०.११ सेकंद होईल, आणि तिसऱ्या विभागातील अटीनुसार नियंत्रणाचा कालांक तेवढा तरी मोठा ठेवावा लागेल. परंतु ही चूक शिकून काढण्याचे कारणच नाही. फेऱ्यांची संख्या मोजलेली असते. विलंबाचा मोठा भाग तिच्या व्यस्त प्रमाणात असतो, तो थेट गणिताने काढता येतो. वायूचा प्रवास, मापकाचे वार्धक्य, इंधनाचे नळीच्या भिंतीवर चिकटणे ह्या उरलेल्या अनिश्चित भागासाठी अनुकूलन राखून ठेवावे. यिल्डिझ, अनुराधा अन्नस्वामी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २०१० मध्ये मांडलेला विलंबयुक्त प्रणालींसाठीचा अनुकूली नियंत्रक एंजिनांतील अशाच प्रश्नांना लागू केला गेला. १ एप्रिल २०२० पासून भारतात भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यावर बहुतेक दुचाकींतही इंधन-अंतःक्षेपण आले. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडील अभियंत्यांनाही रोजच्या कामात भेटणारा झाला आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून काही व्यवहार्य निष्कर्ष निघतात. विलंब जेथे मोजता किंवा भौतिक कारणावरून गणिता येतो तेथे तो शिकत बसू नये. अनुकूलन हे मापनाची जागा घेण्यासाठी नाही, मापन संपते तेथून पुढे जाण्यासाठी आहे. शिकण्याचा वेग विलंबाच्या व्यस्त प्रमाणात ठेवावा, आणि संदेशाच्या परिमाणाने त्याचे प्रमाणीकरण केल्याशिवाय कोणतीही योजना कारखान्यात नेऊ नये. नियंत्रणाचा इष्ट वेग विलंबाच्या अंदाजातील अनिश्चिततेवरून ठरवावा, उलट क्रमाने नव्हे. आणि नियंत्रकास दोष देण्यापूर्वी विलंबाने घातलेली सीमा किती आहे, ह्याचा हिशोब करावा. पुष्कळदा असे आढळते की नियंत्रक बदलण्यापेक्षा मापक दोन हात अलीकडे आणून बसविणे अधिक फलदायी ठरते.

ह्या विषयात प्रवेश करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने चौथ्या विभागातील समीकरण प्रथम संगणकावर स्वतः सोडवून पाहावे. तेथे दिलेल्या र च्या तीन मूल्यांसाठी आलेख काढावेत, आणि मग प्रमाणीकरण व संवर्धित त्रुटी ह्यांचा परिणाम निरनिराळा तपासावा. त्यानंतर नोंदवहीतील विलंब मुद्दाम दहा, वीस, तीस टक्क्यांनी चुकवून शिकणे केव्हा बिघडते हे पाहावे. पुढचे पाऊल म्हणजे विलंब स्वतःच नियंत्रकाच्या आज्ञेवर अवलंबून असणारी प्रणाली. नळीतील प्रवाह हाच नियंत्रणाचे साधन असेल तर प्रत्येक आज्ञा पुढच्या आज्ञेचा विलंब बदलते, आणि नोंदवहीत किती मागे पाहावयाचे हे त्या नोंदवहीतील आकड्यांवरूनच ठरवावे लागते. ह्या प्रकारात अज्ञात प्राचलांसह अनुकूलनाचे स्थैर्य कोणत्या अटींवर सिद्ध होते, हा प्रबंधासाठी निवडण्याजोगा प्रश्न आहे.